उद्याचं रीडिंग

सुखदा रीडिंग फार छान शिजवायची, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं ऐकून तुम्ही तिला बिचारी म्हणाल, आणि बिचारी ती बिल्कुल नव्हती.

दिल्लीतल्या एका भल्यामोठ्या विद्यापीठात ती केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. साल शहाण्णव. प्रयोगशाळेत तीन-तीन तास घाम पुसत तापमानं टिपायची आणि वर ती पुस्तकाशी जुळत नाहीत म्हणून सरांची बोलणी खायची, हा उद्योग तिथे कुणी करत नसे. सीनियरची जुनी फाईल मिळवायची, तिच्यातले आकडे उचलायचे, चार ठिकाणी थोडे हलवायचे, झालं. याला सगळे शिजवणं म्हणत. त्यातही काही अडाणी असत. ते आकडे इतके गुळगुळीत करून ठेवत की बघताक्षणी लबाडी कळावी. सुखदाचं काम वेगळं. पाच सरळ आकड्यांमागे एक किंचित वाकडा टाकायचा, म्हणजे माणसानं खरंच उभं राहून बघितल्यासारखं वाटतं, हे तिचं तंत्र. अर्धा वर्ग तिच्याकडे फाइली घेऊन यायचा आणि ती ऐटीत शिजवून द्यायची.

तिचा प्रोजेक्ट डिस्टिलेशन कॉलमवर होता. अल्कोहोल आणि पाणी वेगळं करणारं ते दोन मजली उंच पोलादी नळकांडं. आत एकावर एक बारा प्लेटी आणि प्रत्येक प्लेटीला बाहेरून एक थर्मामीटर. खालून वाफ सोडली की तळाशी नव्व्याण्णव अंश, आणि उतरत उतरत माथ्यावर अठ्ठ्याहत्तर. मधल्या सातव्या प्लेटीला चौऱ्याऐंशी. निदान सगळ्या जुन्या फाइलींत तसं लिहिलेलं होतं. गाईड भाटियासरांनी बजावलं होतं की सोमवार ते शुक्रवार रोज दहा ते एक कॉलम चालवायचा, शुक्रवारी फाईल टेबलावर हवी, घरी कुणी मेलं तरी हवी. असं बोलायची त्यांची पद्धतच होती.

आणि त्याच आठवड्यात आई आजारी पडली.

त्या ऑक्टोबरात सगळी दिल्ली डेंग्यूनं फणफणली होती. सुखदाचे वडील दिलीप कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात कारकून. जन्मभर सरकारी क्वार्टरमध्ये काढून त्यांनी द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट घेतला होता. बसवाले त्या भागाला अजून पप्पनकलांच म्हणत. उंच उंच इमारती, मधे नुसती धूळ, नळाला पाणी नाही, टँकरचं पाणी तळघरातल्या टाकीत. त्या टाकीला झाकण बसवायचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीनदा ठरलं होतं. तीनदा ठरलं, चहा-समोसे झाले आणि माणसं घरी गेली. टाकीत डास खदखदत होते. सुखदानं सेक्रेटरीच्या दारात जाऊन भांडण केलं तेव्हा तो म्हणाला, "बेटी, प्रोसेस में है।"

मोठ्या सरकारी इस्पितळांत एका खाटेवर दोन-दोन माणसं होती, म्हणून बाबांनी शालिनीला, म्हणजे सुखदाच्या आईला, सेक्टरातल्याच एका नव्या नर्सिंग होममध्ये नेलं. काचेचं दार, संगमरवर, एसी, काउंटरवर प्लास्टिकची फुलं. बाबा हरखले. "इथे निदान स्वच्छता आहे गं," ते म्हणाले. बाबांना काचेच्या दाराचा फार आदर होता.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला सुखदा कॉलमपाशी उभी होती. वाफ घुमत होती. सहावी प्लेट शहाऐंशी, आठवी साडेब्याऐंशी. सातवी साडेएकोणचाळीस.

थर्मामीटर गेला, असं म्हणून तिनं पूरनजींना हाक मारली. पूरनजी प्रयोगशाळेचे जुने मदतनीस. त्यांनी नवा थर्मामीटर लावला. साडेएकोणचाळीस. मग सहाव्या प्लेटीचा काढून सातवीला लावला. तो शहाऐंशीवरून डुगडुगत खाली आला आणि साडेएकोणचाळीसवर थांबला. पूरनजींनी हात फडक्याला पुसले. सुखदानं सातव्या प्लेटीजवळच्या उघड्या लोखंडाला बोट लावून बघितलं. वर आणि खाली बोट लावलं असतं तर फोड आला असता. इथे लोखंड नुसतं गरम होतं, आणि जरासं ओलसर.

"पहले कभी ऐसा हुआ है?" तिनं विचारलं.

"बेटा, पहले किसी ने देखा ही कहाँ," पूरनजी म्हणाले.

सुखदानं वहीत चौऱ्याऐंशी लिहिलं. हात सवयीनं चालला.

संध्याकाळी ती नर्सिंग होममध्ये गेली. आईचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. खाटेच्या पायथ्याशी क्लिपबोर्ड, त्यावर छापील तक्त्यांचा जाडजूड गठ्ठा, एका आठवड्याला एक पान. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. सुखदानं नजर फिरवली. ९८.४, ९८.६, ९८.४, ९८.६, ९८.८, ९८.६. पाच सरळ, एक वाकडा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, तिला कळणारच होतं. हे आकडे शिजवलेले होते, आणि शिजवणारी बाई हुशार होती.

घरचा थर्मामीटर तिनं पर्समध्ये टाकून आणलाच होता. आईच्या जिभेखाली ठेवला. एकशे तीन पूर्णांक एक. सिस्टर म्हणाली, "आपका वाला ख़राब होगा, मॅडम।" डॉक्टर उद्या येणार होते. बाबा म्हणाले, "अगं, ती शिकलेली माणसं आहेत, उगाच आवाज चढवू नकोस." आई डोळे मिटूनच हसली. "तिच्या नाकावर बसायला रागाला भाडं पडत नाही हो. असू दे."

बसमध्ये बसल्यावर सुखदानं, निव्वळ सवय म्हणून, एकशे तीन पूर्णांक एकचे सेल्सिअस केले. साडेएकोणचाळीस आले. तिनं पुन्हा केले. मग खिडकीबाहेर बघत बसली. योगायोग म्हणायला तिची काहीच हरकत नव्हती.

बुधवारी सातवी प्लेट चाळीस पूर्णांक दोन. सुखदानं कँटीनजवळच्या पीसीओवरून नर्सिंग होमला फोन लावला. "बुख़ार? बिल्कुल नॉर्मल है मॅडम।" संध्याकाळी घरचा थर्मामीटर एकशे चार पूर्णांक चार. सेल्सिअस करायला तिला आता कागद लागला नाही. त्या दिवशी ती डॉक्टरांना भेटली, डॉक्टरांनी तक्ता दाखवला. ती म्हणाली तक्ता खोटा आहे. ते म्हणाले, "आप डॉक्टर हैं?" ती म्हणाली, डॉक्टर नाही, पण खोटा आकडा मला ओळखता येतो. यावर ते छान हसले. आईला इथून हलवू या, असं ती बाबांना विनवून, रागावून, रडून सांगत राहिली. बाबा सरकारी इस्पितळात फरशीवर झोपलेल्या पेशंटांचं वर्णन करत राहिले. आणि प्लेटीबद्दल तर बोलायची सोयच नव्हती. सांगणार काय, की एक नळकांडं मला आईचा ताप सांगतं? स्वतःची स्वतःलाच चीड यावी असं ते वाक्य होतं.

गुरुवारी प्लेट सदतीसवर आली. सुखदा धावतच गेली, तर आई उशीला टेकून बसलेली, मेतकूट-भात मागत होती. बाबांचा चेहरा असा की बघ, सांगत नव्हतो? सुखदानं मुकाट्यानं ऐकून घेतलं. त्या दिवशी ऐकून घ्यायला तिला बरंच वाटलं.

शुक्रवारी अकरा वाजता प्लेट छत्तीसवर होती. साडेअकराला पस्तीस पूर्णांक चार.

पावणेबाराला चौतीस पूर्णांक आठ. खालून वाफ धडधडत होती, सगळा कॉलम थरथरत होता, आणि त्या एका जागी पारा उतरत होता.

तिनं पिशवी उचलली. दारात भाटियासर.

"रन पूरा करो।"

"सर, एक बार सातवीं प्लेट देखिए।"

त्यांनी बघितलं. थर्मामीटरवर टिचकी मारली. "चौरासी लिख दो, और जाना है तो जाओ। वैसे भी तुम तो बिना देखे लिख लेती हो।"

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या वर्षापासून सगळं माहीत होतं आणि सह्या करत आले होते. पाच मिनिटांचं काम होतं. उरलेली सगळी रीडिंगं तिनं उभ्याउभ्या लिहिली असती, सही मिळाली असती, वर्ष सुटलं असतं. सुखदानं पेन त्यांच्या हातात ठेवलं. "तुम्हीच लिहा," ती चक्क मराठीत म्हणाली आणि निघाली.

पीसीओवर तीच सिस्टर. "सब नॉर्मल है, सो रही हैं।"

ऑटोवाल्याला ती सबंध रस्ता ओरडत होती. एक वाजून वीस मिनिटांनी ती आईच्या खाटेपाशी पोचली. खोलीत कुणीच नव्हतं. आईची नखं निळसर, ओठ पांढरेफटक, हात फ्रिजमधल्या बाटलीसारखा गार. "आलीस?" एवढंच म्हणाली. घरच्या थर्मामीटरमध्ये पारा पहिल्या रेघेपर्यंतसुद्धा चढला नाही.

सुखदानं तक्ता उचलला. आज दुपारी दोन, ९८.४. संध्याकाळी सहा, ९८.६. रात्री दहा, ९८.४. शनिवार सकाळी सहा, ९८.८. शनिवार पूर्ण भरलेला. रविवार सकाळी दहापर्यंत भरलेला. आणि भिंतीवरच्या घड्याळात शुक्रवारची दुपार, एक वाजून चोवीस मिनिटं.

"शनिचर-इतवार स्टाफ कम रहता है ना," मागून आलेली सिस्टर म्हणाली. तिला यात काही लपवण्यासारखं वाटतच नव्हतं. "इसलिए पहले से भर देते हैं। सब जगह ऐसे ही होता है।"

सब जगह ऐसे ही होता है. हे वाक्य सुखदानं स्वतः किती ज्यूनियर मुलामुलींना ऐकवलं होतं. ती काय काय बोलली ते तिला नंतर आठवेना. काउंटरची काच तडकलेली मात्र आठवते, क्लिपबोर्ड आपटल्यामुळे. पोलीस केस करीन, असं ओरडत तिनं तो तक्ता, खालच्या कोऱ्या गठ्ठ्यासकट, पिशवीत कोंबला. शेजारच्या खन्नांची मारुती व्हॅन मिळाली. बाबा ड्यूटीवरून परस्पर सरकारी इस्पितळात आले.

तिथे व्हरांड्यात, फरशीवर, एका चटईवर आईला जागा मिळाली. दोन रात्री न झोपलेला एक तरुण डॉक्टर गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांना सलाइनं लावली आणि तिला कुठे ठेवलं होतं ते विचारून एक सणसणीत शिवी दिली. ताप उतरल्यावरच या आजारात माणूस कोसळतं, तेव्हाच बघायचं असतं, असं तो म्हणाला. सुखदाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

संध्याकाळी सहाला त्यानं ताप बघितला. "अट्ठानवे पॉइंट छह. गुड।"

पिशवीतला तक्ता सुखदानं सहज काढून बघितला. ९८.६.

रात्री दहाचंही जुळलं. त्यात काय, निरोगी माणसाचा आकडा तोच असतो. तिनं स्वतःला ठणकावून सांगितलं. शनिवारी सकाळी सहाला डॉक्टरनं थर्मामीटर उजेडात धरला. "अट्ठानवे पॉइंट आठ।"

वाकडा आकडा. तो तर खोटं खरं वाटावं म्हणून टाकतात. तो कधीच कुणी बघितलेला नसतो.

बाबा चहा आणायला गेले होते. सुखदा भिंतीला टेकून त्या कागदाकडे बघत राहिली. तिला भीतीपेक्षा संतापच जास्त आला. ज्या कागदाचे तुकडे करून त्या सिस्टरच्या तोंडावर फेकायचे होते, तोच आता तिला जपून घडी न पाडता ठेवावा लागत होता.

शनिवार सगळा जुळला. रविवारी सकाळी दहाला ९८.६. आई बसून नारळपाणी प्यायली, सुखदाच्या केसांकडे बघून म्हणाली, "विंचर गं जरा, भूत दिसतेस."

त्यापुढचं घर रिकामं होतं. दुपारी दोन.

एक वाजल्यापासून आई गप्प झाली.

दीडला हात गार. सलाइन व्यवस्थित चालू होतं. डॉक्टर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी छातीवर दाब देत होता. सुखदानं हाका मारल्या. त्यानं मान वळवली नाही, त्याला वळवता येत नव्हती.

पावणेदोन. ओठ पांढरे.

दोनला पाच मिनिटं कमी असताना तिनं बाबांच्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि त्या घरात लिहिलं, ९८.४.

लिहिताना तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

"किती घट्ट धरलायस हात," आई म्हणाली. "सोड की."

सुखदानं आधी संध्याकाळी सहाचं भरलं, रात्री दहाचं भरलं, मग कोरं पान घेऊन सोमवार भरला, आणि मगच हात सोडला.

आई घरी आली. सहा महिन्यांनी सुखदाचं वर्ष वाया गेल्याचं कळलं, भाटियासरांनी ते नेमानं केलं. फाईल आणायला ती प्रयोगशाळेत गेली तेव्हा कॉलम चालू होता. सातवी प्लेट चौऱ्याऐंशी दाखवत होती. पूरनजी म्हणाले, त्या शुक्रवारी दुपारपासूनच ठीक आहे.

पुढच्या वर्षी ती पास झाली. गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या, त्यातल्या एका परदेशी कंपनीत लागली. दर रविवारी सकाळी ती आईच्या नावाचा पुढचा आठवडा भरायची. पस्तीस घरं. साध्या वहीत लिहून बघितलं होतं, झेरॉक्सवर लिहून बघितलं होतं. आईचे दात वाजायला लागले तेव्हा घाईघाईनं त्या गठ्ठ्यातलं पान घेतलं. ते नर्सिंग होम तर कधीच बंद पडलं, तिथे आता मिठाईचं दुकान आहे. आई स्वयंपाक करायची, सोसायटीत भिशी चालवायची, टाकीच्या झाकणावरून सेक्रेटरीशी भांडायची. बाबांना सुखदानं काही सांगितलं नव्हतं. ते रविवारी पेपर वाचत बसायचे.

नव्व्याण्णव सालच्या ऑक्टोबरात मात्र तिचं डोकं फिरलं. मी इंजिनिअर आहे, ती स्वतःवरच खेकसली. तीन वर्षं हा खुळेपणा. सलाइन वेळेवर लागलं म्हणून आई वाचली, बाकी सगळे माझ्या डोक्याचे खेळ. कंपनीच्या प्लँटवर तीन दिवस बडोद्याला जायचं होतं. रविवारी तिनं गठ्ठा कपाटात फेकला, कपाटाला कुलूप लावलं आणि एअरपोर्टला निघून गेली. सोमवारी, मंगळवारी तिनं मुद्दाम घरी फोन केला नाही. माणूस रागात असलं की असंच करतं.

बुधवारी दुपारी ती परत आली. दार बाबांनी उघडलं. दाढी वाढलेली.

"सोमवारी सकाळपासून तशीच बसलीय," ते म्हणाले. "बोलत नाही. डोळ्यांची पापणी हलत नाही. मी कुणाला बोलावलं नाही. हात लाव म्हणजे कळेल, का नाही बोलावलं."

आई जेवणाच्या टेबलाशी होती. समोर ताटात मेथी, वाळून कोळ झालेली. एक जुडी डाव्या मुठीत, उजव्या हातात सुरी. डोळे उघडे.

सुखदानं हात लावला नाही. कपाट उघडलं, गठ्ठा आणला आणि आईसमोर बसून लिहायला लागली. सोमवार सहा. सोमवार दहा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात आवळलेले होते. मंगळवारी तिनं एक वाकडा टाकला. बुधवार सहा, बुधवार दहा, बुधवार दोन.

सुरी खाली आली आणि मेथीच्या काड्या कडकन तुटल्या.

"कसली गं मेली ही मेथी आणली यांनी," आई म्हणाली. "सगळी सुकलेली. तू कधी आलीस?"

"आत्ताच," सुखदा म्हणाली.

आई उठली, चहाचं आधण ठेवायला आत गेली.  बाबा टेबलापाशी आले आणि उरलेल्या कोऱ्या पानांचा गठ्ठा अंगठा आणि बोटामध्ये धरून त्यांनी त्याची जाडी चाचपून बघितली.